ग्रीसहून आलेल्या आजोबांचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

बाबा गेले त्या रात्री अकराच्या सुमारास नवऱ्याने माझ्यापुढे वही सरकवली आणि म्हणाला, "तू लिही. मला काही सुचत नाहीये." बाबा म्हणजे माझे सासरे. ग्रीक लोकही वडिलांना 'बाबा'च म्हणतात, त्यामुळे सांगलीहून मेलबर्नला आलेल्या मला त्या घरातला हा एक शब्द आयताच मिळाला होता.

मी पहिलं वाक्य लिहिलं: "ते अत्यंत कष्टाळू, प्रेमळ आणि कुटुंबवत्सल होते." मोठ्याने वाचलं. सासूबाईंना आम्ही सगळेच मुलांसारखं 'याया', म्हणजे आजी, म्हणतो. याया चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "हे कोण?"

त्यांचं बरोबर होतं. ते वाक्य कुठल्याही म्हाताऱ्याला लागू पडलं असतं. त्यानंतर चार दिवसांत, मग चाळीस दिवसांत आणि शेवटी वर्षभरात मी जे शिकले, ते इथे लिहिते आहे. परदेशातल्या मराठी घरांतून आता ग्रीक, इटालियन सासरी गेलेल्या मुली आणि तिकडे जावई झालेली मुलं पुष्कळ आहेत. ओळखीतल्या दोन-तीन जणांनी मला हेच विचारलं, "सासऱ्यांबद्दल बोलायचंय, कुठून सुरुवात करू?"

आधी दिवस मोजून घ्या

आपल्याकडे दहावा, बारावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. ग्रीक ऑर्थोडॉक्स घरात तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस, मग सहा महिने आणि वर्ष. त्यातला चाळिसावा सगळ्यात मोठा. चाळिसाव्याच्या जवळच्या रविवारी चर्चमध्ये 'म्निमोसिनो' म्हणजे स्मरणाची प्रार्थना होते. ही गणती कळली की जीव थोडा खाली बसतो, कारण सगळं आयुष्य चार दिवसांत लिहायचं नसतं. अंत्यविधीला पाच मिनिटांचं बोलणं पुरतं, म्हणजे साधारण पाचशे-सहाशे शब्द. नीट लिहिलेलं आयुष्य चाळिसाव्याला किंवा वर्षाला द्या.

आणि बोलायचं कुठे, ते आधी पाद्र्यांना विचारा. ऑर्थोडॉक्स विधीत प्रार्थना ठरलेल्या असतात, घरच्यांच्या भाषणाला त्यात जागा असतेच असं नाही. आमच्या पाद्र्यांनी सांगितलं, दफनानंतरच्या जेवणात बोला. त्या जेवणाला 'माकारिया' म्हणतात. त्यात मासे असतात, त्याआधी कडू कॉफी, ब्रँडी आणि टोस्टसारखी कडक बिस्किटं. सुतकात मासे बघून मी पहिल्यांदा गांगरले होते. पण त्या टेबलावर लोक पोटभर बोलतात, हसतातही, आणि तिथेच तुमच्या कामाचं सगळ्यात जास्त हाती लागतं. वही घेऊन बसायला लाजू नका. मी मुलाला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला बसवलं होतं, आणि बाबांबरोबर कारखान्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्या दिवशी जे सांगितलं ते पुन्हा कधी मिळालं नसतं. तेही पुढच्याच वर्षी गेले.

भेटायला येणारे तुम्हाला म्हणतील "झोई से सास", म्हणजे तुम्हाला आयुष्य लाभो. आणि म्हणतील "ना झीसेते ना तोन थिमासते", म्हणजे त्यांची आठवण काढायला तुम्ही जगा. हे दुसरं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

नाव एकदा नाही, चारदा तपासा

स्थलांतरित माणसाला नावं अनेक असतात. बाप्तिस्म्याचं वेगळं, पासपोर्टवरचं वेगळं, कारखान्यातलं तिसरंच. ऑस्ट्रेलियात दिमित्रिओसचा जिम झाला, कोन्स्तांदिनोसचा कॉन झाला, वासिलिओसचा बिल झाला. फोरमनला उच्चारता येईना म्हणून जे नाव पडलं, ते कार्डावर चढलं आणि तीस-तीस वर्षं राहिलं. अंत्यविधीच्या सूचनेत ही सगळी नावं द्या. आम्ही एकच दिलं होतं, तेही छापणाऱ्याकडून एका अक्षराने चुकलं, आणि बाबांचे कारखान्यातले दोन सोबती आलेच नाहीत. त्यांना ते 'जिम' म्हणूनच माहीत होते. याची रुखरुख मला अजून आहे.

ग्रीक लिपीची एक गंमत कागद शोधताना फार उपयोगी पडते. त्यांच्याकडे 'ब' साठी एक अक्षर नाही. 'म' आणि 'प' ही अक्षरं जोडून 'ब' लिहितात, 'न' आणि 'त' जोडून 'द'. म्हणजे 'बाबा' हा शब्दसुद्धा कागदावर 'म्पाम्पा' असा दिसतो. इंग्रजीत उतरवताना एका कारकुनाने उच्चार लिहिला, दुसऱ्याने अक्षरं लिहिली. त्यामुळे एकाच आडनावाची चार स्पेलिंगं होतात आणि चारही शोधावी लागतात. शिवाय बाईचं आडनाव वेगळं संपतं. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनिसमधली बरीच आडनावं पुरुषांची '-ओपूलोस' आणि बायकांची '-ओपूलू' अशी असतात. बहिणीचं आडनाव वेगळं दिसलं म्हणून कागद बाजूला टाकू नका.

वडिलांचं नाव मात्र धरून ठेवा. आपल्यासारखंच, ग्रीक सरकारी कागदावर वडिलांचं नाव असतंच, आणि एकाच गावात एकाच नावाचे सात जण असले की खरा माणूस त्यावरूनच सापडतो. कारण मुलाला आजोबांचं नाव ठेवायची तिकडे पद्धत आहे. माझ्या मुलाचं नावही तेच आहे.

जन्मतारखेवर फार विसंबू नका. खेड्यात नोंद उशिरा झालेली असते. त्यापेक्षा नामदिन विचारा, म्हणजे ज्या संताचं नाव आहे त्याचा दिवस. जुन्या ग्रीक माणसाला वाढदिवसापेक्षा तो जवळचा असतो. आमच्या बाबांचा २६ ऑक्टोबर. त्या दिवशी बोलावण्याशिवाय पन्नास माणसं घरी यायची.

खोकी, पावत्या आणि दुकानाच्या वह्या

आता मुख्य काम. माणसाने जे सांगितलं त्यापेक्षा त्याने जे जपून ठेवलं ते आधी बघा. बाबांच्या गॅरेजमध्ये बिस्किटांचे पत्र्याचे तीन डबे आणि एक फळांचं खोकं होतं. मी एका रविवारी सगळं जेवणाच्या टेबलावर काढलं आणि वर्षांप्रमाणे लावत गेले.

डब्यात बोटीचं तिकीट होतं, 'पात्रिस'चं, १९६१ सालचं. पात्रिस म्हणजे मायदेश. मायदेश सोडून नेणाऱ्या बोटीचं नाव मायदेश. ही बोट डिसेंबर १९५९ मध्ये पिरेयसहून ऑस्ट्रेलियाकडे पहिल्यांदा निघाली आणि पुढे बरीच वर्षं ग्रीक माणसं आणत राहिली. ग्रीस आणि ऑस्ट्रेलियाचा करार १९५२चा, त्याखाली मदतीच्या तिकिटावर हजारोंनी माणसं आली. तुमच्या घरात तिकीट नसेल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदी तिथे आहेत आणि नावाने शोधता येतात. माणूस नव्याने आलेल्यांसाठीच्या बोनेगिलाच्या छावणीतून गेला असेल तर त्याचं कार्डही सापडू शकतं. ही छावणी १९४७ ते १९७१ चालू होती, आणि तीन लाखांवर माणसं तिथून पुढे कामाला गेली. बाबा तिथे गेले नाहीत. मेलबर्नच्या धक्क्यावर, स्टेशन पिअरवर, उतरले आणि गाववाल्याच्या खोलीत सहा जणांत सातवे म्हणून राहिले.

तिकिटाखाली मनिऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता. १९६१ ते १९६९, जवळजवळ दर महिन्याची. रकमा लहान. याया म्हणाल्या, "तीन बहिणी होत्या ना." म्हणजे हुंडा. ग्रीकमध्ये त्याला 'प्रिका' म्हणतात. तिथे तो कायद्याने रद्द झाला १९८३ साली. तोवर भावाने परदेशात राबायचं आणि बहिणी उजवायच्या, हे घरोघरचं होतं. बाबांचं स्वतःचं लग्न तिसऱ्या बहिणीनंतर, १९६९ मध्ये झालं. 'कुटुंबवत्सल' हा शब्द मी त्या दिवशी खोडला आणि त्या जागी लिहिलं: आठ वर्षं दर महिन्याला पैसे पाठवले, तीन बहिणींची लग्नं केली, मग स्वतःचं.

पण खरं सापडलं ते वह्यांत. १९७० मध्ये बाबांनी कारखाना सोडून मिल्क बार घेतला. मिल्क बार म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान आणि दूधडेअरी एकत्र समजा: दूध, पाव, वर्तमानपत्रं, आइस्क्रीम, गोळ्या. सकाळी सात ते रात्री नऊ, आठवड्याचे सातही दिवस. त्या दुकानाच्या अकरा वह्या उरल्या होत्या. रोज दोन आकडे, ग्रीकमध्ये 'सकाळ' आणि 'संध्याकाळ'. मी नुसत्या चाळत होते. एका डिसेंबरात सकाळचा रकाना रिकामा दिसला, तिथे एक आडवी रेघ. ऑस्ट्रेलियातला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. शाळा सुटायच्या बेतात, आइस्क्रीमचे दिवस, वर्षातला चांगला धंदा. पुढच्या वर्षाची वही काढली. पुन्हा रेघ. अकराही वह्या काढल्या. प्रत्येकीत एकाच दिवशी रेघ, १३ डिसेंबर.

मी यायांना विचारलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, "तीन वाजता उघडायचा त्या दिवशी."

बाबांचं गाव कालाव्रितापासून चालत काही तासांवर. कालाव्रिता हे पेलोपोनिसच्या उत्तरेकडचं डोंगरातलं गाव. १३ डिसेंबर १९४३ ला जर्मन सैन्याने तिथल्या बायका-मुलांना शाळेत कोंडलं, आणि पुरुष आणि मोठी मुलं गावाबाहेर टेकडीवर नेऊन मारली. गाव जाळलं, आसपासचीही गावं जाळली. चर्चचं घड्याळ २ वाजून ३४ मिनिटांवर थांबलेलं अजून दाखवतात. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांचा मामा त्या दिवशी कालाव्रितात होता. मामा परत आला नाही.

बाबांनी हे मुलांना कधी सांगितलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत तेलाचा दिवा लावून बसायचे, आणि गिऱ्हाईकांना वाटायचं माल आणायला गेलेत. माझा नवरा पन्नाशीचा होईपर्यंत त्याला हे ठाऊक नव्हतं. वही मिटवून तो अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

म्हणून सांगते, हिशोबाच्या वह्या फेकू नका. तारखांना त्या देशाच्या इतिहासाशेजारी ठेवून बघा. ग्रीस असेल तर १९४१-४२चा दुष्काळ, १९४४ पर्यंतचा जर्मन ताबा, १९४६ ते ४९चं यादवी युद्ध, १९६७ ते ७४ची लष्करी राजवट. माणूस या प्रत्येक वेळी किती वर्षांचा होता ते समासात लिहा. मग प्रश्न आपोआप सुचतात.

विचारायचं कसं

"आजोबा कसे होते?" असं विचारू नका. "फार चांगले" एवढंच उत्तर मिळतं. हातांनी केलेल्या कामांबद्दल विचारा. दुकान बंद करून घरी आल्यावर पहिलं काय करायचे? (बूट काढायचे, मग अंगणात जाऊन टोमॅटोंना पाणी, मग जेवण.) रविवारी कोण यायचं? रागावले की कुठे जाऊन बसायचे? पैसे कुठे ठेवायचे? गावाहून काय मागवायचे? यायांनी या शेवटच्या प्रश्नावर दोन तास सांगितलं, कारण उत्तर होतं ओरेगानो, आणि त्या ओरेगानोवरून सासूबाईंची सासू, घरामागची टेकडी, शेळ्या, सगळं निघालं.

म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून मुलाखत घेऊ नका. काहीतरी निवडायला, सोलायला घ्या. भाषा मध्ये येत असेल तर त्यांना त्यांच्या भाषेतच बोलू द्या आणि नंतर घरातल्या कोणाकडून समजून घ्या. यायांचं इंग्रजी दुकानापुरतं आहे. मी इंग्रजीत विचारत होते तोवर त्या दोन शब्दांत उत्तरं देत होत्या. नणंदेने ग्रीकमध्ये विचारलं तेव्हा टेप संपत आली.

गावात कोणी नातेवाईक असेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. आमच्या भाच्याने बाबांचं घर दाखवलं, आणि दियाकोप्तोला उतरणारी ती छोटी गाडी. माथेरानच्या गाडीसारखी अरुंद रुळांची, व्हुराइकोस नदीच्या घळीतून समुद्राकडे जाणारी, चढावर दाते असलेल्या रुळाला धरून चालणारी, १८९६ पासूनची. बाबा त्या गाडीतून निघाले होते. मी लिहिलेल्यात 'ते ऑस्ट्रेलियाला आले' असं होतं. त्याऐवजी ती गाडी आली.

कोलिवा करायला शिका

लिहिणं हे आठवणीचं एक काम, हे दुसरं. चाळिसाव्याला उकडलेल्या गव्हाचा प्रसाद करतात, कोलिवा. योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाच्या दाण्याबद्दल आहे ना, जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, तो हा दाणा. सांगलीकडची मी, गव्हाची खीर करत वाढलेली, मला वाटलं यात काय अवघड. रात्री गहू उकडले, निथळले, सकाळी साखर पेरली. तासाभरात साखरेला पाझर फुटला, वरचा पांढरा थर करडा पडला. यायांनी काही न बोलता सगळं परातीत ओतलं आणि मला दुसरा किलो गहू दिला.

गहू मऊ होईपर्यंत उकडायचा, पण फुटू द्यायचा नाही. मग स्वच्छ पंचावर पसरून रात्रभर वाळवायचा. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे, नाहीतर आंबतोही. मग त्यात भाजलेले तीळ, बदाम, अक्रोड, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, दालचिनी आणि बारीक चिरलेली पार्सली. सगळं परातीत दाबून वर फुटाण्याचं पीठ चाळून घालायचं. हो, आपले फुटाणेच, ते त्यांना 'स्त्रागालिया' म्हणतात. हा थर ओल शोषतो, म्हणून साखर पांढरी राहते. त्यावर पिठीसाखर, कागदाने दाबून आरशासारखी सपाट, आणि त्यावर साखरेत घोळलेल्या बदामांनी क्रूस आणि नावाची अक्षरं. अक्षरं माझ्या मुलाने लावली, स्वतःच्याच नावाची.

चर्चबाहेर छोट्या पिशव्यांतून तो वाटतात. घेणारा म्हणतो, "एओनिया ई म्निमी." आठवण चिरंतन राहो. त्या पिशव्यांबरोबर मी लिहिलेली दोन पानं दिली.

कडवट गोष्टीचं काय

एक तरी लिहा, घरच्यांना विचारून. नाहीतर माणूस कॅलेंडरवरच्या संतासारखा दिसतो. आमच्या लग्नाला, २००५ साली, बाबा आले नाहीत. सून ग्रीक नाही, ख्रिस्तीही नाही, हे त्यांना सोसलं नाही. सात महिने माझ्याशी एक शब्द नाही. मग एका शनिवारी दारात उभे, हातात बाकल्याच्या शेंगांची पिशवी. पावट्यासारख्या, पण वीतभर लांब. आत आले, टेबलाशी बसले, सोलायला लागले. मीही समोर बसले. अर्ध्या तासाने विचारलं, "तुझी आई याचं काय करते?" मी सांगितलं, पावट्याची उसळ. म्हणाले, "कर."

हे मी पानांत घातलं. नवरा नको म्हणत होता. याया म्हणाल्या, "राहू दे. हा तोच आहे."

भाऊबंदकी, जमिनीचे वाद, दुसऱ्यांची गुपितं मात्र सोडून द्या. ती त्या माणसाची नसतात, जिवंत असलेल्यांची असतात.

शेवटी परक्याला वाचून दाखवा

लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि प्रत्येक विशेषणापाशी थांबा. 'उदार' लिहिलंय? काय दिलं, कोणाला, तेवढंच ठेवा. नातवंडांसाठी इंग्रजी, गावासाठी ग्रीक, अशा दोन प्रती करा, आणि ग्रीक प्रत गावातल्या कोणाकडून तपासून घ्या. भाच्याने आमच्या प्रतीत टेकडीचं नाव दुरुस्त केलं.

मग अशा कोणाला तरी वाचून दाखवा, ज्याने त्या माणसाला कधी पाहिलं नाही. मी तिसरी प्रत मराठीत केली होती, आईसाठी. फोनवर वाचली. गाडी, बोट, पावत्या, १३ डिसेंबर, सगळं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, ते निघाले तेव्हा त्यांच्या आईचं वय काय होतं?"

मला माहीत नव्हतं. वर्षभर कोणी विचारलंच नव्हतं. मी यायांना फोन केला. त्यांनी जरा वेळ मोजलं.

"पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "एकदाही परत भेट नाही. ती बहात्तरमध्ये गेली, हा पहिल्यांदा परत गेला अठ्ठ्याहत्तरमध्ये."

आता दुसऱ्या पानावर, दियाकोप्तोच्या गाडीनंतर, ती ओळ आहे.